विश्लेषण : चौकातल्या फ्लेक्सवर कोणाचा फोटो कुठे, हे कसे ठरते?

रात्री अकरापर्यंत चौक मोकळा असतो. सकाळी दूध आणायला निघावे तर तिथे दोन बांबूंना सुतळीने आवळलेला वीस बाय दहाचा फ्लेक्स उभा. मध्ये गॉगल लावलेला ‘भावी नगरसेवक’, वरच्या पट्टीत पक्षाचे पाच-सहा नेते आणि खाली टपाल तिकिटांसारखे ओळीने चिकटवलेले वीस-पंचवीस शुभेच्छुक. सिग्नल दिसत नाही म्हणून आपण वैतागतो, मान वाकडी करून दिवा बघतो आणि पुढे जातो.

हा फ्लेक्स जरा थांबून वाचला तर त्यात बरेच काही सापडते. छपाईचे एक मशीन स्वस्त झाले, त्यामुळे पेंटरची एक पिढी बेकार झाली आणि त्याच मशीनने वाडी-वस्तीतल्या पोराला नेत्याच्या शेजारी आणून बसवले. फ्लेक्सवर कोणाचा फोटो लावायचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि असे फलक कोसळून माणसे मेली आहेत.

फ्लेक्स म्हणजे नेमके काय?

पॉलिस्टरच्या धाग्यांची जाळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसी प्लॅस्टिकचा थर, म्हणजे फ्लेक्स. तो मोठ्या रोलमध्ये येतो. त्यावर सॉल्व्हंट शाईचे मशीन चार रंगांचे बारीक थेंब मारते : निळसर सायन, गुलाबी मॅजेन्टा, पिवळा आणि काळा. आपल्याला दिसणारा भगवा म्हणजे मशीनसाठी भरपूर पिवळा आणि त्याच्या निम्म्याच्या आसपास मॅजेन्टा. मॅजेन्टा थोडा वाढला की तो लालकडे झुकतो, कमी झाला की हळदीसारखा दिसतो. एकाच पक्षाचा भगवा दोन चौकांत दोन तऱ्हेचा दिसतो, त्यामागे बहुतेक वेळा विचारधारा नसते, दुकान वेगळे असते.

शाईतले द्रावण पीव्हीसीत थोडे शिरते आणि उडून जाते, म्हणून रंग पावसात धुतला जात नाही. फ्लेक्सच्या दुकानात शिरल्यावर नाकात जाणारा उग्र वास त्याचाच. २००० नंतरच्या दशकात ही मशीन आपल्याकडे तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली, चिनी बनावटीमुळे किंमत उतरली आणि आता साधा फ्लेक्स चौरस फुटाला दहा-पंधरा रुपयांच्या आसपास छापून मिळतो. वीस बाय दहाचा, म्हणजे दोनशे चौरस फुटांचा फ्लेक्स दोन-तीन हजारांत तयार. संध्याकाळी फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे, रात्री फ्लेक्स टांगायचा.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो एवढा मोठा करून फाटत कसा नाही, असा प्रश्न मला कॉलेजात पडला होता. उत्तर अंतरात आहे. चांगल्या नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखता येतो. तीस फुटांवरून पाहताना याचा अर्थ, पावणेतीन मिलिमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके डोळ्याला एकच वाटतात. एका इंचात दहाच ठिपके असले तरी चालते. व्हॉट्सॲप फोटो दाबून त्याची मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणते. दहाने भागा : १६० इंच, म्हणजे तेरा फूट. भाऊंचा चेहरा तेरा फूट उंच करायला फोनवरचा फॉरवर्ड केलेला फोटो पुरतो. फ्लेक्सच्या अगदी जवळ जाऊन पाहा, भाऊंच्या गालावर नुसते ठिपके दिसतील.

त्याआधी चौकात कोण होते?

पेंटर. प्रत्येक गावात एक-दोन होते आणि त्यांची सही बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात असायची. महाराष्ट्रात या कामाला मोठा वारसा आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत आल्यावर सुरुवातीला सिनेमाची होर्डिंग रंगवत. निवडणूक आली की भिंतीवर आधी चुन्याचा हात, त्यावर खडूची पूड लावलेली दोरी ताणून आखलेली ओळ, मग गेरू किंवा निळीने अक्षरे. चांगल्या जागेवरच्या भिंती पक्ष आधीच चुना मारून, स्वतःचे नाव टाकून अडवून ठेवत.

यातला एक मुद्दा महत्त्वाचा. अक्षरे स्वस्त होती, चेहरा महाग होता. नाव आणि निशाणी कोणीही रंगवेल. पण फोटोवर चौकड्या आखून तो भिंतीवर मोठा करायचा आणि तो त्या माणसासारखा दिसला पाहिजे, हे काम मोजक्यांना जमायचे. त्याला दिवस लागायचे आणि पैसेही. त्यामुळे चेहरा फक्त मोठ्या नेत्याचा असायचा. कार्यकर्त्याच्या वाट्याला खाली ‘आपले नम्र’ एवढेच, तेही जागा उरली तर. मुंबईत शिवसेना शाखेबाहेरचा फळा तर खडूवर चालायचा. पक्षाचा संस्थापक स्वतः व्यंगचित्रकार. पण रोजच्या फळ्यावर चित्रापेक्षा अक्षरच असायचे.

टी. एन. शेषन १९९० ते १९९६ या काळात मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्यांनी आचारसंहिता कडक केल्यावर भिंती रंगवण्यावर टाच आली. पेंटरच्या हातचे एक मोठे काम तिथे कमी झाले. उरलेले फ्लेक्सने नेले.

अक्षरांचे काय झाले?

पेंटर अक्षर काढताना जागा बघतो. ‘श्री’ला थोडी जास्त रुंदी, वेलांटी वरच्या ओळीत घुसणार असेल तर तिला वळण, शेवटचे अक्षर मावत नसेल तर आधीची चार किंचित दाबून. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत नावे अशी लिहिली की नाटकाचा स्वभाव नावातच कळायचा. फ्लेक्सच्या दुकानात हा निर्णय कोरलड्रॉवर बसलेला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा दहा मिनिटांत घेतो आणि तो समोरच्या यादीत असलेल्या फॉन्टपुरता मर्यादित असतो.

त्यात तांत्रिक अडचण होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’सारख्या जुन्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे ठेवून काम करत. तो फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला की ‘हार्दिक शुभेच्छा’च्या जागी अगम्य चिन्हे उमटत. म्हणून डिझायनर छपाईआधी अक्षरांचे ‘कर्व्ह’ करतात, म्हणजे अक्षर हे अक्षर न राहता नुसती आकृती होते. मग त्यात चूक शोधायची सोय उरत नाही. चौकातल्या ‘श्रध्दांजली’ आणि ‘वाढदिवसाच्या हार्दीक शुभेच्छा’ यांना फक्त शाळेतल्या मराठीला जबाबदार धरणे थोडे अन्यायाचे आहे.

दुसऱ्या बाजूलाही काम झाले. विंडोजसोबत येणारा ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट आयआयटी मुंबईत शिकवणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘बलू’ आणि ‘मुक्ता’ हे देवनागरी फॉन्ट कोणालाही फुकट वापरता येतात. तुमच्या भागातल्या एखाद्या फलकावरचे गुबगुबीत मराठी अक्षर ‘बलू’ असण्याची शक्यता बरीच आहे. हनीफ कुरेशी यांनी तर वेगवेगळ्या शहरांतल्या पेंटरांची अक्षरे गोळा करून, पेंटरांच्याच नावाने त्यांचे फॉन्ट करण्याचा प्रकल्प चालवला होता. २०२४ मध्ये ते गेले.

बॅनर वाचायचा कसा?

वरून खाली. सगळ्यात वर महापुरुष आणि दिवंगत नेते, त्यांच्या खाली आजचे नेते, उतरत्या क्रमाने. मग मध्ये ज्याचा वाढदिवस तो. खाली शुभेच्छुक. उभा पूर्ण फोटो म्हणजे मान, गोलातला चेहरा म्हणजे हजेरी. नेत्याच्या खांद्याला खांदा लावून उभा दिसणारा कार्यकर्ता प्रत्यक्षात कधी नेत्याच्या शेजारी उभा राहिलाच असेल असे नाही. दोन फोटो कापून जोडलेले असतात आणि सावल्या एकमेकींच्या उलट्या पडलेल्या असतात.

खालच्या चेहऱ्यांमागे साधा हिशेब आहे. बऱ्याचदा खर्च वर्गणीतून होतो. ज्याने पैसे दिले त्याचा फोटो, जास्त दिले तर मोठा. पण पैसा एकटा क्रम ठरवत नाही. इंजिनीअरिंगला असताना आमच्या मंडळाच्या गणपतीचा फ्लेक्स मी केला होता. खजिनदारांचा फोटो अध्यक्षांच्या फोटोपेक्षा जरासा मोठा पडला. माझ्या लेखी तो मार्जिनचा प्रश्न होता. रात्री साडेअकराला फ्लेक्स उतरला, फाइल दुरुस्त झाली आणि दुसरा छापला. त्या वर्षी वर्गणीचा हिशेब कोणी एवढ्या बारकाईने पाहिला नव्हता.

हेच मोठ्या पातळीवर जून २०२२ मध्ये दिसले. शिवसेना फुटली, तेव्हा कोणता आमदार कुठे आहे हे त्याच्या निवेदनाआधी त्याच्या कार्यालयाबाहेरच्या फ्लेक्सवर कळत होते : उद्धव ठाकरे यांचा फोटो आहे की नाही, बाळासाहेबांच्या शेजारी आनंद दिघे आले का. माझ्या वडिलांचा फोटो लावून मते मागू नका, असे उद्धव ठाकरे जाहीर सभांतून सांगत राहिले.

राष्ट्रवादी काँग्रेस २०२३ मध्ये फुटल्यावर तर हा विषय न्यायालयात गेला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजित पवार गटाला विचारले, तुम्ही वेगळे झालात तर शरद पवारांचा फोटो प्रचारात का वापरता? त्यांचे नाव आणि छायाचित्र वापरणार नाही, अशी लेखी हमी मागितली. घड्याळ हे चिन्ह वापरताना, त्याचा वाद न्यायप्रविष्ट आहे, हे प्रत्येक प्रचार साहित्यावर छापायलाही सांगितले. गावातल्या डिझायनरने फ्लेक्सवर वरच्या पट्टीत कोण ठेवायचे, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हाताळला, तो असा.

मग हे सगळे वाईटच का?

फ्लेक्सची थट्टा करणे सोपे आहे आणि सोशल मीडियावर ती रोज होते. पण त्या थट्टेत कोणाच्या चेहऱ्याला हसतोय, हे थोडे तपासावे लागेल. चेहरा महाग होता तोवर चौकात दिसायचा हक्क मोजक्या घराण्यांना होता. फ्लेक्सने तो खाली आणला. १४ एप्रिलला वस्तीच्या तोंडाशी लागणाऱ्या फ्लेक्सवर बाबासाहेबांच्या खाली जी तीस-चाळीस नावे आणि चेहरे असतात, त्यांतल्या अनेकांच्या आजोबांना गावच्या चौकात नाव लावायची सोय नव्हती. हा बदल छोटा नाही.

अडचण वेगळी आहे. चेहरा स्वस्त झाला, पण तो लावायची जागा मात्र सगळ्यांची आहे आणि ती फुकट घेतली जाते. दिसणे एवढे स्वस्त झाले की दिसणे हेच काम होऊन बसले. २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचे राज्य राहिले. नगरसेवक नव्हते, पण ‘भावी’ आणि ‘माजी’ चौकाचौकात होते. पाणी आले नाही म्हणून कोणाला फोन करायचा हे कळत नव्हते, वाढदिवस मात्र सगळ्यांचे माहीत होते.

कायदा आहे, तरी फ्लेक्स निघत का नाहीत?

कायदा १९९५ चा आहे, मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरचा हिशेब आठवा : फ्लेक्सची छपाईच दोन-तीन हजारांची. म्हणजे गुन्हा सिद्ध होऊन जास्तीत जास्त दंड झाला, तरी तो छपाईच्या बिलाएवढाही भरत नाही. महापालिकांमध्ये यासाठी स्वतंत्र विभाग असतो, त्याचे नाव मोठे सुंदर आहे : आकाशचिन्ह विभाग.

साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने २०११ मध्ये केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी सविस्तर निकाल दिला. बेकायदा फलक काढा, गुन्हे नोंदवा, तक्रारीसाठी यंत्रणा उभी करा आणि तक्रारदाराचे नाव उघड करू नका, असे महापालिका आणि नगरपालिकांना बजावले. राजकीय पक्षांनी आम्ही असे फलक लावणार नाही, अशा हम्या दिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे जवळपास आठ वर्षांनी, तुमच्यावर अवमानाची कारवाई का करू नये, असे उच्च न्यायालयाला त्याच पक्षांना विचारावे लागले.

यंत्रणेकडे माणसे नाहीत, हे कारण नेहमी दिले जाते. ते मला पटत नाही. निवडणूक जाहीर होताच आयोगाच्या नियमानुसार सरकारी इमारतींवरचे फलक २४ तासांत, सार्वजनिक जागांवरचे ४८ तासांत आणि खासगी मालमत्तेवरचे बेकायदा फलक ७२ तासांत उतरवावे लागतात. तीच महापालिका, तेच कर्मचारी, तोच ट्रक आणि तीन दिवसांत शहर बऱ्यापैकी मोकळे दिसते. एरवी फलक काढणाऱ्या अधिकाऱ्याची बदली ज्यांच्या हातात असू शकते, त्यांचेच फोटो फलकावर असतात. आचारसंहितेच्या तेवढ्या काळापुरती ती भीती आयोगाकडे सरकते, इतकाच फरक.

ऑगस्ट २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडला एका तरुणाने रुसलेल्या मैत्रिणीची माफी मागणारे सुमारे तीनशे फलक एका रात्रीत लावले होते. महापालिकेने तातडीने पोलिसांना पत्र देऊन याच १९९५ च्या कायद्याखाली कारवाई मागितली. त्याच्या फलकावर वरच्या पट्टीत कोणी नेता नव्हता.

वारा काय करतो?

इथे थोडे गणित करू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. भारतीय मानकात तो काढायचे सूत्र सोपे आहे : वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. वळवाच्या सरीआधी ताशी ६० किलोमीटरचा वारा आला, तर या फ्लेक्सवर तीनशे किलो वजनाएवढा जोर येतो. याच मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद धरला आहे, मुंबईसाठी ४४. पुण्याचा आकडा घातला तर जोर १७०० किलोच्या आसपास जातो. समोर दोन बांबू आणि सुतळी. चौकातले जाणते लोक फ्लेक्सला भोके पाडतात ती याचसाठी.

सप्टेंबर २०१९ मध्ये चेन्नईत सत्ताधारी पक्षाच्या स्थानिक पदाधिकाऱ्याच्या घरच्या लग्नाचा फलक दुभाजकावरून स्कूटरवरच्या २३ वर्षांच्या तरुणीवर पडला. ती रस्त्यावर कोसळली आणि मागून आलेल्या टँकरखाली गेली. आपल्याकडची मोठी उदाहरणे राजकीय फ्लेक्सची नाहीत, व्यावसायिक होर्डिंगची आहेत : पुण्यात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर पडला आणि चौघे गेले, १७ एप्रिल २०२३ रोजी किवळ्यात पावसाच्या आडोशाला उभे असलेले पाच जण गेले, १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर १७ जण. तिथला फलक १२० बाय १२० फुटांचा होता, परवानगीची मर्यादा ४० बाय ४०. बाजू तिप्पट, क्षेत्रफळ नऊपट आणि वाऱ्याचा जोर किमान तेवढाच पट. त्यानंतर मोठ्या होर्डिंगचे संरचनात्मक ऑडिट सुरू झाले. बांबूवरच्या फ्लेक्सचे ऑडिट कोणी करत नाही, कारण कागदोपत्री तो उभाच नसतो.

उतरल्यावर फ्लेक्स जातो कुठे?

फेकला जात नाही, एवढे नक्की. जाड, पाणी न शिरणारे, फुकट मिळणारे कापड कोण फेकेल? पावसाळ्यात भाजीच्या गाड्यावर, कडब्याच्या गंजीवर, ऊसतोड कामगारांच्या कोपीवर तोच असतो, छापील बाजू आत करून. शेवटी चिंध्या होतात तेव्हा अडचण सुरू होते. पॉलिस्टरची जाळी आणि पीव्हीसी एकमेकांपासून सोडवणे कठीण, म्हणून भंगारवाला घेत नाही. जाळला तर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडसारखे विषारी वायू निघतात, म्हणून थंडीत शेकोटीत टाकू नये. केरळने २०१९ मध्ये पीव्हीसी फ्लेक्सवर बंदी घातली, तेव्हा कापड आणि कागदाचे पर्याय पुढे केले. कापडावर छपाईचा दर जास्त पडतो.

दरम्यान वाढदिवस फोनवर सरकतो आहे. सणाच्या दिवशी आपोआप पोस्टर करून देणारी ॲप आहेत. पक्ष निवडा, स्वतःचा फोटो टाका, नेते वरच्या पट्टीत आधीच बसवलेले असतात. एआयने तर फोटो कापून जोडायचे कामही घेतले आहे, सावल्याही आता बरोबर पडतात. एकेकाळी पेंटरचे काम नेलेल्या कोरलड्रॉवाल्या पोराकडे आता ग्राहक फोनवरच तयार केलेले डिझाइन घेऊन येतात. त्याने फक्त छापून द्यायचे असते, आणि वरच्या पट्टीतला क्रम एकदा तपासून.